न निघालेल्या अंकांची मुखपृष्ठे

एक मुखपृष्ठ डोळ्यांसमोर आणा. वरच्या डाव्या कोपऱ्यात छोटी चौकट, तिच्यात प्रकाशनसंस्थेचे नाव, अंकाचा क्रमांक आणि किंमत : १२ सेंट. उजवीकडे टपाल तिकिटासारखा दिसणारा कॉमिक्स कोडचा शिक्का. मध्यभागी अंधाऱ्या गल्लीत बॅटमॅन आणि कॅप्टन अमेरिका पाठीला पाठ लावून उभे. कागद किंचित पिवळसर, छपाईचे ठिपके जागच्या जागी. सारे काही १९६० च्या दशकातले. असा अंक मात्र त्या दशकात निघालाच नव्हता.

अशी मुखपृष्ठे घडवणे हा कॉमिक्सच्या चाहत्यांमधला एक मुरलेला छंद आहे. वेगवेगळ्या मालिकांतले, बहुधा परस्परांच्या स्पर्धक संस्थांचे नायक एका चित्रात आणायचे. अशा भेटीला कॉमिक्सच्या व्यवहारात ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. छंदिष्टाकडे कथा नसते, आतली पाने नसतात. असते ते केवळ मुखपृष्ठ.

हा पोरखेळ वाटू शकतो. परंतु या छंदाची वंशावळ शोधत मागे गेले की एक गमतीची गोष्ट हाती लागते. आत नसलेली भेट मुखपृष्ठावर दाखवण्याचा उद्योग चाहत्यांनी सुरू केलेला नाही. तो प्रकाशकांचा आहे, आणि चांगला ८० वर्षांहून जुना आहे.

१९३९ आणि १९४० या दोन वर्षी न्यूयॉर्कमध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते. त्यानिमित्त आजच्या डीसी कॉमिक्सच्या पूर्वज संस्थेने प्रत्येक वर्षी एक विशेष अंक काढला. १९४० च्या अंकाच्या मुखपृष्ठावर जॅक बर्नली यांनी सुपरमॅन, बॅटमॅन आणि रॉबिन यांना प्रथमच एकत्र उभे केले. वाचकाने अंक उघडला की सुपरमॅनची कथा वेगळी, बॅटमॅनची वेगळी. दोघांची गाठ कुठेच नाही.

युक्ती लागू पडली असावी, कारण १९४१ मध्ये तिच्यावर आधारलेले नियतकालिकच सुरू झाले. पहिल्या अंकाचे नाव ‘वर्ल्ड्स बेस्ट कॉमिक्स’, दुसऱ्या अंकापासून ‘वर्ल्ड्स फायनेस्ट’. पंधरा सेंटांचा जाडजूड अंक. मुखपृष्ठावर तिघेही नायक नेहमी सोबत : कधी बेसबॉल खेळताना, तर युद्धकाळात कधी भाजीपाल्याच्या मळ्यात राबताना. १९४३ च्या नवव्या अंकावर तर ते हिटलर, मुसोलिनी आणि जपानी शत्रू यांच्या मुंडक्यांवर चेंडू फेकताना दिसतात.

आणि आत? आत तेच. प्रत्येकाचे बिऱ्हाड निराळे.

ही स्थिती तब्बल १३ वर्षे टिकली. मधल्या काळात रेडिओवर १९४५ मध्ये सुपरमॅन आणि बॅटमॅन भेटले. १९५२ मध्ये ‘सुपरमॅन’च्या ७६ व्या अंकात एडमंड हॅमिल्टन यांनी दोघांची जोडकथा लिहिली, जहाजावरच्या एकाच खोलीत राहण्याची वेळ आल्याने त्यांना एकमेकांची खरी ओळख कळते, असे तिचे कथानक. ‘वर्ल्ड्स फायनेस्ट’मध्ये मात्र ही भेट घडली ती १९५४ च्या ७१ व्या अंकात, आणि तिचे कारण कलात्मक नव्हते. अंकाची पाने कमी करून किंमत १० सेंटांवर आणण्यात आली होती. दोन नायकांच्या दोन स्वतंत्र कथांना जागा उरली नाही, म्हणून दोघांना एकाच कथेत बसवण्यात आले.

म्हणजे मुखपृष्ठाने १९४१ मध्ये दिलेले वचन कागदाच्या काटकसरीने १९५४ मध्ये पाळले. दरम्यानची १३ वर्षे वाचक मुखपृष्ठ पाहत होता आणि आत नसलेली कथा स्वतःच्या मनात रचत होता. आजचा छंदिष्ट त्याच वाचकाचा वारस आहे.

अमेरिकन कॉमिक्समध्ये मुखपृष्ठाला इतके महत्त्व का, हे समजून घेण्यासाठी ती विकली कशी जात, ते पाहावे लागते. वृत्तपत्रविक्रेत्याच्या किंवा औषधांच्या दुकानातल्या मांडणीवर डझनावारी अंक एकमेकांवर रेललेले असत. मुलाच्या खिशात एकच नाणे. निर्णय काही क्षणांत व्हायचा, तोही मुखपृष्ठावर. १९५१ मध्ये ‘स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स’च्या आठव्या अंकावर गोरिला झळकला आणि अंक नेहमीपेक्षा अधिक खपला, त्यानंतर डीसीच्या मुखपृष्ठांवर गोरिलांची जी रांग लागली, तिचा विनोद आजही चाहते सांगतात.

संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांच्या कार्यालयात तर क्रम उलटाच झाला. आधी लक्षवेधी मुखपृष्ठ ठरायचे, मग लेखकाला सांगितले जायचे, की आता या प्रसंगापर्यंत पोहोचणारी कथा लिही. चित्रकार कार्माइन इन्फँटिनो अशी कोडी घालण्यात पटाईत होते.

सप्टेंबर १९६१ चा ‘द फ्लॅश’चा १२३ वा अंक घ्या. एक माणूस कोसळत्या तुळईखाली सापडणार आहे. मधोमध विटांची भिंत. भिंतीच्या एका बाजूने १९५६ पासूनचा नवा फ्लॅश, बॅरी ॲलन, धावत येतो आहे. दुसऱ्या बाजूने १९४० चा जुना फ्लॅश, जे गॅरिक. दोघांनाही पलीकडचा दिसत नाही. आतली कथा गार्डनर फॉक्स यांची. जुन्या फ्लॅशला जन्म देणाऱ्यांपैकी ते एक होते आणि दोघांची सांगड घालण्यासाठी त्यांनी दुसरी पृथ्वी कल्पिली. डीसीचे पुढचे सारे समांतर विश्व या एका अंकातून फुटलेल्या फांद्यांवर उभे आहे.

छंदिष्टांच्या मुखपृष्ठांत ही भिंत आजही वारंवार भेटते. दोन बाजूंनी धावणारे दोघे बदलतात, भिंत तीच राहते.

पण एकाच संस्थेच्या घरात भिंत पाडणे सोपे. लेखणी आपली, नायक आपले. मराठी वाचकांच्या ओळखीचे उदाहरण द्यायचे तर वेताळ आणि मँड्रेकचे देता येईल. १९६४ पासून मुंबईच्या टाइम्स समूहाने काढलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून हे दोघेही मराठीत घरोघरी पोहोचले. दोघांचा निर्माता एकच, ली फॉक. दोघांचे हक्क एकाच वितरण संस्थेकडे. म्हणून १९७७ मध्ये वेताळाचे डायनाशी लग्न झाले, तेव्हा मँड्रेक आणि लोथार वऱ्हाडात असू शकले. कोणाची परवानगी काढावी लागली नाही.

सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांच्यात मात्र ‘डीसी’ आणि ‘मार्व्हल’ अशा दोन कंपन्या, दोन वकील आणि दोन ताळेबंद उभे होते.

ही भिंत प्रथम पोखरली ती चाहत्यांनीच, आणि आतून. १९६१ मध्ये डेट्रॉइटचे प्राध्यापक जेरी बेल्स यांनी तरुण रॉय थॉमस यांच्यासह ‘ऑल्टर ईगो’ हे चाहत्यांचे नियतकालिक सुरू केले. काही वर्षांतच थॉमस मार्व्हलमध्ये लेखक झाले, पुढे मुख्य संपादक. १९६९ मध्ये त्यांनी ‘ॲव्हेंजर्स’च्या कथेत खलनायकांची एक चौकडी आणली. नावे निराळी, पोशाख निराळे; पण तिच्यात सुपरमॅन, बॅटमॅन, फ्लॅश आणि ग्रीन लँटर्न ओळखायला वाचकांना क्षणही लागला नाही.

त्याहून धिटाईचा प्रकार १९७२ चा. व्हर्मांट राज्यातील रटलंड या गावी हॅलोविनच्या रात्री निघणाऱ्या मिरवणुकीत लोक महानायकांचे वेश घेऊन सामील होत. स्टीव्ह एंगलहार्ट, गेरी कॉनवे आणि लेन वीन या तीन तरुण लेखकांनी त्या एकाच रात्रीभोवती तीन कथा गुंफल्या : एंगलहार्टची ‘अमेझिंग ॲडव्हेंचर्स’ १६ मध्ये, कॉनवेची ‘थॉर’ २०७ मध्ये, आणि वीनची ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ १०३ मध्ये. पहिली दोन नियतकालिके मार्व्हलची, तिसरे डीसीचे. तिन्ही कथांत हे लेखक स्वतः पात्रे म्हणून वावरतात. कोणत्याही मुखपृष्ठावर या जोडणीची जाहिरात नव्हती. तिन्ही अंक विकत घेणाऱ्याच्याच लक्षात येई, की दोन स्पर्धक कंपन्यांचे नायक एका गावातून, एका रात्री, परस्परांना जवळजवळ घासून गेले आहेत.

कायद्याच्या भाषेत हा क्रॉसओव्हर नव्हताच. वाचकांच्या भाषेत तो पुरेपूर होता.

त्या तिघांपैकी कॉनवे यांनाच चार वर्षांनी उघडपणे तसे करण्याची संधी मिळाली. १९७६ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांचा मोठ्या आकाराचा अंक काढला. किंमत दोन डॉलर. लेखन कॉनवे, रेखाटन रॉस अँड्रू, शाई डिक जिओर्डानो. अँड्रू यांनी दोन्ही नायक आपापल्या मालिकांत रेखाटलेले होते, हा निवडीतला शहाणपणा.

या अंकातील चित्रांवर आणखी हात फिरले होते. सुपरमॅनच्या काही आकृती नील ॲडम्स यांनी सुधारल्या, पीटर पार्करच्या चेहऱ्यांना जॉन रोमिटा यांनी नवे रूप दिले. म्हणजे इतिहासातील या सर्वांत गाजलेल्या अधिकृत भेटीतसुद्धा एकाच चौकटीतला एक चेहरा एकाचा, दुसरे शरीर दुसऱ्याचे. घरी बसून जुळवाजुळव करणारा छंदिष्ट याहून फार निराळे करत नाही.

ही जुळवाजुळव तपशिलाने पाहण्याजोगी आहे. पूर्वी कात्री, डिंक, झेरॉक्स आणि ट्रेसिंग कागद एवढीच सामग्री असे. १९९० मध्ये फोटोशॉप आले. १९९४ मध्ये ‘ग्रँड कॉमिक्स डेटाबेस’ हा स्वयंसेवकांचा प्रकल्प सुरू झाला आणि जुन्या अंकांची नोंद व मुखपृष्ठांच्या प्रतिमा एका ठिकाणी साठू लागल्या. सूचीकारांनी संशोधनासाठी केलेला हा संग्रह छंदिष्टांना खाणीसारखा उपयोगी पडला.

सर्वांत अवघड काम असते जोडी शोधण्याचे. दोन नायक एकमेकांकडे पाहत आहेत असे वाटायला हवे, आणि मुळात दोघेही तिसऱ्याच कुणाकडे पाहत असतात. प्रकाश एकाच दिशेने पडायला हवा. रेषेची जाडी जुळायला हवी. १९४० चा ठोकळेबाज चेहरा आणि १९८० ची तलम शाई शेजारी ठेवली की बनाव लगेच उघडा पडतो. एखाद्याचा पाय मूळ चित्रात चौकटीबाहेर गेलेला असेल, तर तो लपवायला धूर, ढिगारा किंवा दुसऱ्याची केप लागते.

आकृती उजवीकडून डावीकडे फिरवायची झाली तर आणखी पंचाईत. सुपरमॅनच्या छातीवरचा ‘एस’ उलटा होतो, फ्लॅशच्या विजेची दिशा बदलते. बॅटमॅनचे वटवाघूळ आणि कॅप्टन अमेरिकेच्या कपाळावरचा ‘ए’ मात्र दोन्ही बाजूंनी सारखेच, त्यामुळे या दोघांना निर्धास्तपणे फिरवता येते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरा रस वाटावा तो चित्राभोवतीच्या मजकुरात. किंमत, शिक्का, चौकट, पट्टी ही सगळी कालनिश्चितीची साधने. नाणेशास्त्रात जे काम राजाच्या बिरुदाचे, ते इथे सेंटांचे.

उदाहरणार्थ, स्पायडरमॅनचा जन्म ऑगस्ट १९६२ च्या अंकातला, आणि त्या अंकाची किंमत १२ सेंट होती. तेव्हा १० सेंट किंमत छापलेल्या जुन्या धाटणीच्या मुखपृष्ठावर स्पायडरमॅन दिसला, तर तो कालविपर्यास समजावा. कॉमिक्स कोडची स्थापना १९५४ ची. १९४३ च्या युद्धकालीन मुखपृष्ठावर त्याचा शिक्का असू शकत नाही. माथ्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी पट्टी असेल, तर डीसीचा अंक १९६६-६७ मधला. मार्व्हलची डाव्या कोपऱ्यातील नायकाच्या छबीची चौकट १९६३ पासूनची. आणि विक्रीची रेघांची चौकट, म्हणजे बारकोड, १९७० च्या दशकाच्या मध्यापूर्वी दिसला तर डोळे झाकून बनावट म्हणावे.

चांगला छंदिष्ट हे सारे पाळतो. अंकाचा क्रमांकसुद्धा विचारपूर्वक निवडतो. बॅटमॅनच्या जोडकथांसाठी गाजलेली ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’ ही मालिका जुलै १९८३ मध्ये २०० व्या अंकावर थांबली. पुढे त्या नावाने जे निघाले ते नव्या क्रमांकाने. त्यामुळे २०१ हा क्रमांक मोकळाच राहिला. कल्पित मुखपृष्ठावर २०१ पाहिल्यावर जाणत्या वाचकाच्या काळजात जे होते, ते त्या तीन आकड्यांमुळे. मालिका जणू बंद पडलीच नाही.

म्हणून अशा चित्राला सरसकट खोटा दस्तऐवज म्हणणे अन्यायाचे होईल. त्यात एकच विधान खोटे असते, आणि ते सर्वांना ठाऊक असते. बाकीचे तपशील खरे ठेवण्यासाठी करणाऱ्याने कैक अंक चाळलेले असतात. ‘असे घडले असते तर’ हा प्रश्न इतिहासात विचारावा की नाही, यावर विद्वानांत वाद आहेत. पण तो विचारायचाच असेल तर एक गोष्ट बदलून उरलेले सारे जागेवर ठेवावे, हा दंडक हे छंदिष्ट निष्ठेने पाळतात.

एक धोका मात्र आहे. बहुतेक छंदिष्ट ही चित्रे विकत नाहीत, कल्पित असल्याचे सांगतात, मूळ चित्रकारांची नावेही देतात. पण चित्र हातोहाती फिरू लागले की तळटीप गळते, कोपऱ्यातली सही कापली जाते, आणि काही काळाने तेच चित्र ‘दुर्मीळ अंक’ म्हणून परत येते. त्यात सर्वाधिक नुकसान होते ते मूळ रेखाटणाऱ्याचे. त्या काळातील पुष्कळ मुखपृष्ठांवर चित्रकाराचे नाव छापलेलेच नसे. पानामागे ठरावीक मोबदला मिळे आणि हक्क कंपनीकडे राहत. कंपनीने न छापलेले नाव छंदिष्टानेही गाळले, तर तो मनुष्य दुसऱ्यांदा नाहीसा होतो. इथे वर सांगितलेली किंमत-शिक्क्यांची परीक्षा केवळ करमणुकीची राहत नाही.

आता एका अशा अंकाकडे वळू, जो न निघालेल्या अंकांचा शिरोमणी होता.

१९७६ च्या यशानंतर १९८१ मध्ये सुपरमॅन-स्पायडरमॅन पुन्हा भेटले, त्याच वर्षी बॅटमॅन आणि हल्क, १९८२ मध्ये एक्स-मेन आणि टीन टायटन्स. त्यापुढचे पाऊल ठरलेले होते : डीसीची ‘जस्टिस लीग’ आणि मार्व्हलचे ‘ॲव्हेंजर्स’. चित्रकार जॉर्ज पेरेझ. दोन्ही संघ रेखाटलेला, गर्दीच्या चित्रांत हातखंडा असलेला आणि स्वतः हाडाचा चाहता. १९८३ मध्ये त्यांनी २१ पाने रेखाटलीही. मग कथानकावरून दोन्ही कार्यालयांत वाद झाला. प्रत्येक बाजूने दुसरीला दोष दिला. काम थांबले, ते थांबलेच.

वाचकांच्या एका पिढीने या अंकाची केवळ बातमी वाचली होती. १९९६ मध्ये दोन्ही कंपन्या पुन्हा एकत्र आल्या, अकरापैकी पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर सोडला, दोन-दोन नायकांचे मिश्रण करून ‘अमाल्गम’ नावाची कल्पित प्रकाशनसंस्थाही उभी केली. छंदिष्टांचा खेळ कंपन्यांनी उचलला तो असा. पण पेरेझ यांचा अंक अडगळीतच होता.

तो अखेर निघाला २००३-०४ मध्ये, चार भागांत, कर्ट ब्युसिक यांच्या नव्या कथेसह. वीस वर्षांपूर्वीच्या पानांचा त्यात उपयोग नव्हता. पेरेझ यांनी सारे नव्याने रेखाटले. तिसऱ्या भागाच्या मुखपृष्ठावर त्यांनी दोन्ही संघांत कधी ना कधी सदस्य राहिलेल्या दोनशेच्या आसपास नायकांना एकत्र बसवले. मनगटाला दुखापत होईपर्यंत केलेले ते काम.

डिसेंबर २०२१ मध्ये पेरेझ यांनी आपल्याला असाध्य कर्करोग झाल्याचे जाहीर केले. पुन्हा दोन कंपन्यांनी परवानगी दिली, आणि गरजू कॉमिक्सकारांना साहाय्य करणाऱ्या ‘हीरो इनिशिएटिव्ह’ या संस्थेने २०२२ च्या मार्चमध्ये या कथेच्या ७,००० प्रती काढल्या. पेरेझ ६ मे २०२२ रोजी गेले.

१९८३ चा अंक मात्र आजही न निघालेलाच आहे. ज्या छंदिष्टाला त्याचे मुखपृष्ठ करायचे असेल, त्याच्याकडे साधने भरपूर आहेत : पेरेझ यांनी दोन्ही मालिकांसाठी रेखाटलेल्या आकृती, त्या वर्षीचे लोगो, त्या वर्षीचा शिक्का. अडचण एकच. दोन नावांपैकी आधी कोणाचे छापायचे? २००३ मध्ये कंपन्यांनी यावर तोडगा काढला तो असा, की पहिल्या आणि तिसऱ्या भागावर ‘जेएलए/ॲव्हेंजर्स’, दुसऱ्या आणि चौथ्यावर ‘ॲव्हेंजर्स/जेएलए’. छंदिष्टाच्या हाती एकच मुखपृष्ठ असते.